बाटलीहिरव्या भिंतीसमोरचा बांगडा

मी एकदा लालबागमधल्या एका घरातले मासे सलग तीन आठवडे नासवले, तेही एकाही माशाला बोट न लावता. आमच्या ठाकूरद्वारच्या घरात अंडंसुद्धा कधी उंबरठ्याच्या आत आलेलं नाही. मासा म्हणजे काय हे मला मुलांच्या चित्रांच्या पुस्तकातून ठाऊक, आणि तोही हसरा. तरीही माझ्यामुळे कितीतरी बांगडे, थोडी सुरमई आणि एक चांगला थोरला हलवा कचऱ्यात गेला, आणि चंद्रामावशी नावाच्या कोळणीचं तीस वर्षांचं नाव मातीत जायची वेळ आली. हा सगळा पराक्रम मी टाइल्स विकून केला.

संपादकांनी मला 'नोकरीतल्या गोड आठवणी' मागितल्या होत्या. गोड आठवणी आहेत माझ्याकडे, पण त्या वाचून तुमचा काही फायदा होणार नाही. ही वाचून कदाचित होईल. शिवाय आता मी तीन नातवंडांची आजी आहे. अब्रू बरीचशी वापरून झाली, उरलेली जपून कुणाला देऊ?

तर लालबागच्या एका टाइल्सच्या दुकानात मी बिलं करायला लागले, आणि काही वर्षांतच शेठनी मला बिलाच्या टेबलावरून उठवून शोरूममध्ये उभं केलं. कारण बायका आमच्या सेल्समनचं ऐकत नव्हत्या. तो म्हणायचा, "मॅडम, आजकल यही चलता है." त्यावर बाई म्हणायची, "चालू दे की. माझ्या घरात का चालावं?" आणि निघून जायची. मी मात्र आधी तिचा ओटा केवढा, तो कुठल्या दिशेला, तेल किती उडतं, भिंत पुसणार कोण, असं सगळं विचारायचे. शेवटच्या प्रश्नावर बाई हमखास खुर्चीत बसायची. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नाही.

धंद्यातली एक-दोन गुपितं सांगते, म्हणजे पुढची फजिती कळेल. ओट्यामागच्या भिंतीवर जी टाइल लावतात तिला आम्ही डॅडो म्हणतो. पूर्वी डॅडो पांढरी असायची आणि मध्येमध्ये चित्राची टाइल, तिचं नाव हायलायटर. चित्रं ठरलेली: द्राक्षांचा घड, वाफाळता कप, कापलेलं कलिंगड. एकदा परळच्या एका माळकरी आजोबांच्या घरात सुनेने द्राक्षांची टाइल लावली, तिच्यात द्राक्षांमागे एक नाजूक पेला होता. आजोबा टाइल घेऊन दुकानात आले. "ह्या पेल्यात काय आहे?" मी म्हटलं, "सरबत." ते म्हणाले, "मग पेल्याला एवढी लांब दांडी कशाला? सरबत पिणारा माणूस पेला मुठीत धरतो." मी टाइल बदलून कलिंगड दिलं. कलिंगडावर कुणाचा आक्षेप नसतो.

पुढे चित्रं गेली आणि रंग आले. गडद, ठसठशीत, एका भिंतीला एकच. मग सगळ्यात अवघड काम सुरू झालं, जुळवणी. टाइल, ओट्याचा दगड, कपाटांची दारं, हँडलं, नळ आणि दिवे ही सगळी मंडळी एकमेकांशी पटवून घेतील असं बघायचं. लग्न जुळवण्याइतकंच ते किचकट, फक्त इथे पत्रिका नसते. दादरहून एक बाई चक्क पैठणी घेऊन आल्या होत्या. मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर पसरावी तशी त्यांनी ती आमच्या टाइल्सवर पसरली आणि म्हणाल्या, "पदर राहू द्या, काठाचा रंग द्या." त्यांना मी काठाचा रंग दिला. शीवचं एक जोडपं सात वेळा आलं, दर वेळी वेगळ्या रंगावर भांडलं, आणि आठव्यांदा येऊन पांढरा घेऊन गेलं. संसार टिकला असावा, पुढे त्यांनी बाथरूमचीही ऑर्डर दिली.

आणि एक होते नायगावचे कांबळे सर, निवृत्त शिक्षक. त्यांना ओट्यामागे निळा हवा होता. मी आकाशी दाखवला. "हा नव्हे. आमचा निळा," असं म्हणून त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कागदावर शाईचा एक गोल रंगवून दिला. मी तसा शोधून दिला. मग म्हणाले, "एक टाइल दोन दिवसांसाठी घरी नेतो. सकाळी कशी दिसते, दुपारी कशी, रात्री ट्यूबखाली कशी, ते बघतो. पोरांना मी एकदा वाचून पास करत नसे." मी हसले. अगदी तोंडावर हसले. म्हटलं, "सर, टाइल आहे, सरड्यासारखा रंग नाही बदलायची." सर टाइल घेऊन गेले, दोन दिवसांनी आणून दिली, आणि मग ऑर्डर दिली. दुकानात त्या दिवशी एकच शहाणा माणूस होता आणि तो काउंटरच्या पलीकडे उभा होता, हे मला पुढच्याच वर्षी कळायचं होतं.

कारण त्या वर्षात मी विदुषी झाले. दादरला आठ दिवसांचा अंतर्गत सजावटीचा कोर्स केला. वय अठ्ठेचाळीस, म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती. कोर्सच्या शेवटी सर्टिफिकेट मिळालं आणि पुठ्ठ्याची एक फिरती तबकडी मिळाली, कलर व्हील. तिच्यावर सगळे रंग गोलात मांडलेले. शेजारचे रंग घ्या, घर शांत दिसतं. समोरासमोरचे घ्या, तडका बसतो. मी ती तबकडी पर्समध्ये जपमाळेसारखी बाळगायचे. कुणी नुसतं "रंग" म्हटलं की काढलीच. एकदा बसच्या रांगेत एका अनोळखी बाईला मी सांगितलं होतं की तुमच्या पिवळ्या साडीवर जांभळी पर्स खुलेल. ती बाई पुढच्या बसची वाट बघायला लांब जाऊन उभी राहिली.

अशा सगळ्या तयारीनिशी मी सुलभा परबच्या वाट्याला आले.

परबांची चाळ लालबागचीच. ती पडून तिथे टॉवर झाला आणि चाळीतली सगळी बिऱ्हाडं लिफ्टने वर गेली. बिल्डरने सगळ्यांना एकसारखं स्वयंपाकघर दिलं होतं, बदामी. भिंत बदामी, कपाटं बदामी. सुलभावहिनी दुकानात आल्या त्या पदर खोचूनच.

"मॅडम, चाळीत आमच्या मजल्यावर अठरा खोल्या होत्या. अठरा ओटे, अठरांच्या मागे एकच ऑइलपेंट. मी चहा कुणाच्या घरात पितेय ते कप बघून ओळखायचं. आता तिसाव्या मजल्यावर जाऊन परत तेच? माझ्या किचनमध्ये माणूस शिरला की तोंडातून 'अगं बाई' आलं पाहिजे."

मी तबकडी काढली.

त्यांच्या मागे परबभाऊ उभे होते. सरकारी कचेरीत नोकरी, स्वभावाने गरीब. मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला कुठला रंग आवडतो?" ते म्हणाले, "कुठलाही लावा, फक्त मला विचारू नका. मागे एकदा सांगितला होता, अजून ऐकून घेतोय." बरोबर भाऊंच्या आई, परबआजी, मालवणच्या. त्या एवढंच म्हणाल्या, "माका भिंतीशी काय करूचा हा? माका जेवण दिसला म्हणजे झाला."

हे वाक्य मी कानावर घेतलं आणि सोडून दिलं. त्या एका वाक्यात सगळा कोर्स होता.

वहिनींना मी बाटलीहिरवी टाइल दाखवली. चकचकीत, लांबट, अंधारात ठेवली तरी ओली वाटावी अशी. वहिनींनी तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही." तिथे मी थांबायला हवं होतं. पण तबकडी म्हणत होती, शेजारचे रंग घ्या. म्हणून ओट्याला हिरवा मार्बल घेतला. कपाटांना पिस्ता रंगाची दारं घेतली. आणि वरच्या कपाटांच्या खाली दिव्यांची जी पट्टी असते, तिच्यावर मी हिरवट काचेचं झाकण बसवायला सांगितलं, 'उजेडसुद्धा जुळला पाहिजे' म्हणून. हे वाक्य मी मोठ्याने, मान वर करून म्हटलं होतं. आठवलं की अजून उशीत तोंड लपवते. त्याच तबकडीवर हिरव्याच्या अगदी समोर लाल रंग बसला होता आणि माझ्याकडे टक लावून बघत होता. मी त्याला ओळखच दिली नाही.

असलम मिस्त्री टाइल्स लावत होता. चाळीस वर्षांचा अनुभव, बोलणं मोजकं. पट्टी पेटवल्यावर त्याने आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. "मॅडम, इस लाइट में तो मैं तीन दिन का मरा हुआ लगता हूँ."

"असलमभाई, ये मूड लाइटिंग है," मी म्हटलं.

"होगा," तो म्हणाला. "मूड तो मेरा भी गया."

त्या खोलीची खिडकी समोरच्या टॉवरला चिकटल्यासारखी. दिवसासुद्धा दिवा लावावा लागायचा. सगळं काम झाल्यावर मी रीतसर चाचणी घेतली. म्हणजे काय केलं, तर ओट्यावर कोथिंबिरीची जुडी, एक पडवळ आणि थोडा पालक मांडला. ठाकूरद्वारची बाई दुसरं काय मांडणार? काय सांगू, ती कोथिंबीर! देवलोकातून उतरल्यासारखी. पडवळाला मी आयुष्यात कधी सुंदर म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हटलं. वहिनींच्या तोंडून खरोखरच "अगं बाई" आलं. शेजारच्या तिघी बघायला आल्या, त्यांच्याही तोंडून आलं. तिघींनी तिथल्या तिथे मला आपापल्या घरी यायला सांगितलं. त्याच टॉवरमध्ये आणखी तीन किचनं! मी घरी जाताना लिफ्टमधल्या आरशात स्वतःला नमस्कार केला होता, हे इथे पहिल्यांदाच कबूल करते.

पुढे त्या घरात काय झालं ते मला नंतर समजलं, पण क्रमाने सांगते.

पहिल्या दिवशी परबआजींनी सोलकढी केली. गुलाबी व्हायची ती राखाडी दिसली. आजींनी वाटी नाकाशी धरली, मग लांब धरली. "सुलभा, ह्या कढीक काय झाला गो? भांडी धुतल्यासारखी दिसता!" गावाहून आलेली कोकमं भेसळीची ठरली. गावी फोन गेला. आजींच्या सख्ख्या भावाला, ज्याने स्वतःच्या झाडाची कोकमं पाठवली होती, त्याला बरंच काही ऐकावं लागलं.

मग भाऊ. ते सकाळी ओट्याशी उभं राहून चहा प्यायचे. वहिनींना त्यांचा चेहरा हिरवट दिसायला लागला. चार दिवस त्यांनी बघितलं, पाचव्या दिवशी रक्त तपासायला पाठवलं. सगळं ठीक निघालं. वहिनी म्हणाल्या, लॅब बरोबर नाही. दुसरीकडे पाठवलं. भाऊ बिचारे न कुरकुरता हात पुढे करून सुया टोचून घेत राहिले.

आणि मग मासे. त्या घरात बुधवार, शुक्रवार, रविवार मासे. मासे चंद्रामावशीचेच. लालबागच्या बाजारात तिची फळी ठरलेली, आणि चाळीतल्या घराघराशी तिची ओळख तीस वर्षांची. आता मला नंतर मिळालेलं ज्ञान तुम्हाला देते. मासा ताजा की शिळा हे त्याचा गालाजवळचा कल्ला उचलून बघतात. आत लालभडक असेल तर ताजा, काळपट असेल तर शिळा. बाजारात कल्ला बघायची वहिनींना गरजच वाटायची नाही, इतका चंद्रामावशीवर विश्वास. पण घरी आणून साफ करायला बसल्यावर कल्ला उचलला जायचाच, आणि तो त्या हिरव्या उजेडात काळा ठिक्कर दिसायचा. पहिल्या बुधवारी वहिनींना वाटलं, चुकून झालं असेल. शुक्रवारीही तेच. रविवारी त्यांनी हलवा फेकला. दुसऱ्या आठवड्यात त्या बाजारात जाऊन चंद्रामावशीशी भांडल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कल्ल्याचा फोटो काढला, माझ्या पट्टीच्या उजेडात, आणि टॉवरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ग्रुपचं नाव 'आपली चाळ'. खाली लिहिलं, 'चंद्राकडून घेऊ नका. माणूस बदललं.'

अख्ख्या टॉवरने घेणं थांबवलं. चंद्रामावशीचं निम्म्याच्या वर गिऱ्हाईक तो टॉवरच होता. दोन-तीन दिवस तिची टोपली भरलेली परत गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

यातलं काही ठाऊक नसताना मी एका रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन परबांकडे गेले. दुकानाच्या अल्बमसाठी फोटो हवे होते. लाल काठाची साडी नेसले होते, हिरव्यावर तडका बसेल म्हणून. दार उघडंच, आणि आतून बोलणं ऐकू येत होतं. चंद्रामावशी आली होती. अंगठ्याएवढं ठसठशीत कुंकू, काष्टा घट्ट, हातात एक बांगडा. तो ती तलवारीसारखा धरून होती.

"तीस वरसं तुला मासा दिला सुलभा! तुज्या बाळंतपनात रोज सकाळी मुडदुशी कोन आनून देत होतं? तुजी आय की मी?"

"तेव्हा दिलीस गं," वहिनी म्हणाल्या, "पण आता काय देतेस? आणि हा पण तसलाच असणार. आण इकडे." त्यांनी बांगडा घेतला, ओट्यापाशी नेला, कल्ला उचलला. "बघ. काळा."

चंद्रामावशीने बघितलं. कल्ला काळा होता. तिने बांगडा हिसकला, बाहेर पॅसेजमध्ये नेला, परत कल्ला उचलला. "ह्यो काय काळा हाय? जास्वंदीवानी हाय!"

वहिनी बाहेर आल्या. लाल. बांगडा आत गेला. काळा. बाहेर आला. लाल. तोवर शेजारचे जमले. एक आजोबा म्हणाले, "बाहेरच्या हवेने ताजा होत असेल." त्यांच्या बायकोने त्यांना आत नेलं.

मी दारात उभी. ओट्यामागच्या टाइलमध्ये माझं प्रतिबिंब दिसत होतं. त्यात माझ्या साडीचा लाल काठ काळा होता. कपाळावरचं कुंकूही काळं होतं, काजळाची तीट लावल्यासारखं.

मला कळलं. त्याच क्षणी, पूर्ण, काहीही शंका न उरता कळलं. आणि मी गप्प राहिले.

खरं तेच लिहिते. त्या गर्दीत मला किचन द्यायला निघालेल्या तिन्ही बायका होत्या. हातात कॅमेरा होता. पर्समध्ये तबकडी होती. म्हटलं, ह्या घरात मासा काळा की लाल हे मी कशाला सांगू, मी शाकाहारी. बांगडा आणखी दोनदा आत-बाहेर गेला, तेवढा वेळ मी तोंड मिटून होते. मोजला तर दोन मिनिटं असेल. नोकरीतली माझी सगळ्यात लांब पाळी ती.

मग चंद्रामावशी थांबली. बांगडा तिने डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. तिचा आवाज एकदम उतरला. "सुलभा," ती म्हणाली, "माजं डोळंच गेलं काय गो? मला बाजारात लालच दिसतंय समदं. मी तुमाला खरंच शिळं देत व्हते का?"

भांडणारी बाई मला पेलली असती. ही नाही पेलली.

"मावशी, डोळे चांगले आहेत तुमचे," मी म्हटलं. "उजेड वाईट आहे. उजेड माझा आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मी आत गेले, पट्टीचं बटण बंद केलं आणि भाऊंना म्हटलं, "मोबाइलची बॅटरी लावा." भाऊंनी लावली. बांगड्याचा कल्ला ओट्यावरच, सगळ्यांसमोर लालबुंद झाला. मी पट्टी लावली, काळा. बंद केली, लाल. हाताने बटण दाबत होते आणि तोंडाने हिरवी काच, हिरवा दगड, चकचकीत टाइल, सगळं काय काय केलं ते सांगत होते. कोर्समध्येसुद्धा एवढं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा परबआजी बोलल्या. "म्हणजे माझ्या भावाची कोकमा बरी होती?"

मग भाऊ. "म्हणजे मला काही झालेलं नाही?"

मग सुलभावहिनी, अगदी बारीक आवाजात. "म्हणजे माझं किचन चुकलं?"

बाईने आयुष्यात एकदा स्वतःच्या मनाचा रंग मागितला होता. तो तिने बरोबर निवडला होता. बाकीचं सगळं मी तिच्या डोक्यावर ओतलं होतं. मी तसंच सांगितलं. "वहिनी, टाइल तुमची, ती उत्तम आहे. चुकलं ते सगळं माझं."

दुसऱ्या दिवशी असलम मिस्त्री आला. हिरवी काच काढली, साधा पांढरा उजेड आला. कपाटांची दारं बदलून पांढरी केली. सिंकच्या बाजूला, जिथे मासे साफ होतात, तिथल्या तेवढ्या टाइल्स काढून पांढऱ्या बसवल्या. उरलेली भिंत बाटलीहिरवीच राहिली, आणि खरं सांगते, आता ती जास्त उठून दिसायला लागली. काम संपल्यावर असलमने परत हात उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, "ज़िंदा हूँ." मला किचन देणाऱ्या तिघींपैकी दोघींनी नकार दिला. तिसरी टॉवरमधली एकुलती एक शाकाहारी. ती म्हणाली, "आम्हाला तो काचेचा उजेडच हवा. कोथिंबीर काय दिसते हो!" तिला तो दिला. आजही तिच्याकडे आहे आणि ती सुखी आहे. फक्त टोमॅटोचं सार ती बाहेरच्या खोलीत बसून पिते.

पण हे झालं भिंतीचं. चंद्रामावशीची टोपली अजून भरलेलीच परत जात होती. वहिनींनी ग्रुपवर माफी लिहिली, पण वाईट बातमीला जेवढे अंगठे मिळाले होते तेवढे चांगलीला मिळाले नाहीत. मी चंद्रामावशीकडे गेले आणि म्हटलं, "मावशी, मला माफ करा. सांगाल ते करते."

ती सुरी पुसत होती. "माफी माज्या कानात सांगून काय उपेग? माजं नाव बाजारात गेलं. बुधवारी सकाळी बाजारात ये."

बुधवारी मी गेले. ठाकूरद्वारची, दातारांची सून, नाकाला कोलन लावलेला रुमाल बांधून, लालबागच्या मासळीबाजारात, चंद्रामावशीच्या फळीशेजारी उभी. मावशीने एक बांगडा माझ्या हातात दिला. गार, निसरडा. मी डोळे मिटले. ती म्हणाली, "डोळं उघड. त्यानं मिटलं न्हायती, तू कशाला मिटतेस?"

टॉवरमधल्या बायका यायला लागल्या. फळी टाळून पुढे जात होत्या. पहिलीला मी हाक मारली. "वहिनी! मासे ताजे आहेत. काळा दिसला तो माझ्या टाइलमुळे. परबांकडचं हिरवं किचन मी केलं, चूक माझी." ती थांबली, रुमालाकडे बघून हसली, पुढे गेली. दुसरीही गेली. तिसरी जायला लागली तेव्हा माझ्यातली सेल्सवुमन जागी झाली. वीस वर्षं गिऱ्हाईक थांबवायचंच काम केलेलं. तोंडातून जे निघालं ते दुकानातलंच निघालं.

"ताई, हे बघा तरी! बांगड्याची फिनिश बघा, ग्लॉसी आहे. पापलेट हवं असेल तर मॅटमध्ये आहे. सगळा एकाच लॉटचा माल, शेड बदलणार नाही. हाताळून बघा, हाताळायचे पैसे नाहीत."

ती बाई खो खो हसत फळीपाशी बसली. बसलेलं गिऱ्हाईक! मी कल्ला उचलून दाखवला. "आतला लाल बघा. ह्याला कुठलंही हँडल मॅच होईल."

हसायला आणखी दोघी आल्या, हसत हसत घेऊन गेल्या. मग वरच्या मजल्यांवरच्या आल्या. रुमाल केव्हाच गळ्यात उतरला होता, कारण नाक बांधून बोलता येत नाही आणि मला बोलल्याशिवाय राहवत नाही. सुलभावहिनी आल्या. चंद्रामावशीपुढे बसल्या, आणि मावशीने त्यांची सुरमई कापायला घेतली. वहिनींनी कल्ला उचलून बघितला नाही. ते माझ्या लक्षात आलं, मावशीच्याही आलं. तिने दोन तुकड्या जास्त घातल्या आणि ओरडली, "डोळं पुस आदी, मिठाचं पानी मासळीत नको!"

दहा-सव्वादहाला टोपलीत एकच बांगडा उरला. मावशीने तो कागदात गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला. मी दोन पावलं मागे सरले. "मावशी, नको हो, आमच्यात खात नाहीत."

चंद्रामावशीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, बांगडा माझ्या पर्समध्ये, त्या तबकडीच्या शेजारी कोंबला, आणि म्हणाली, "खायला कुनी सांगितला? कुनाची भिंत करायला जाशील तवा आदी ह्याला भिंतीला दाखव. आनी दाखवून झाला का बाराच्या आत परत आन, मला इकायचा हाय."